भिंतीचं विरजण

वायकोळ्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावरचा ओलीचा डाग सुरुवातीला श्रीलंकेच्या आकाराचा होता. तेव्हा त्यांनी सोसायटीला पहिला अर्ज दिला. उत्तर येईपर्यंत डागाचा ऑस्ट्रेलिया झाला. सेक्रेटरी फिरके यांनी कळवलं होतं की, वरच्या फ्लॅटचे मालक कॅनडात असतात व त्यांना ईमेल केलेली आहे. गळती ही दोन सभासदांमधली खाजगी बाब आहे. मात्र अर्जदाराने परवानगीशिवाय छताला हात लावल्यास ती खाजगी राहणार नाही. म्हणजे छत गळू द्यायला कोणाची परवानगी लागत नव्हती. गळायचं थांबवायला लागत होती.

सौहार्द सहकारी गृहनिर्माण संस्था जळगावात महामार्गाच्या अलीकडे होती. अ आणि ब अशा दोन इमारती एकमेकींना खेटून उभ्या, मधे दोन बोटं जातील एवढी फट. प्रभाकर वायकोळे अ इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत आणि फटीच्या पलीकडे, ब मध्ये त्याच मजल्यावर, हेमचंद्र बेंडाळे. दोघे सावद्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे एक दूध संघाच्या प्रयोगशाळेत लागला, दुसरा गणिताचा मास्तर झाला, आणि निवृत्तीनंतर दोघांनी गॅलऱ्या चिकटून येतील असे फ्लॅट मुद्दाम निवडले. पेपर दोघांत एकच. तो सकाळी बेंडाळ्यांकडे पडे आणि चहाच्या वेळी गॅलरीतून अलीकडे येई, तेव्हा त्यातलं शब्दकोडं अर्धं सुटलेलं असे. उरलेलं अर्धं वायकोळे चुकीचं सोडवत.

ऑस्ट्रेलियाचा पोपडा आमटीत पडला त्या दिवशी वायकोळ्यांनी कोणालाही न विचारता जिवंत गिलाव्याची पिशवी मागवली.

त्या काळात या गिलाव्याचा बराच बोलबाला होता. त्याचं शास्त्र समजायला सोपं होतं. लोणारच्या तळ्यासारख्या क्षाराच्या पाण्यात, जिथे बाकी कोणाचा निभाव लागत नाही तिथे, काही जिवाणूंचं बरं चाललेलं असतं. काँक्रीटच्या पोटातही तसाच कडक क्षार असतो. हे जिवाणू उपासमार झाली की स्वतःभोवती कवच करून बियांसारखे वर्षानुवर्षं पडून राहतात. भिंतीला तडा गेला आणि त्यातून पाणी आत आलं की जागे होतात. त्यांना कॅल्शियम लॅक्टेट नावाचं एक मीठ खायला दिलं की ते खाऊन चुनखडी बाहेर टाकतात. चुनखडीने तडा बुजतो, पाणी थांबतं आणि पाणी थांबलं की ही मंडळी पुन्हा झोपतात.

कंपनीने यात आपल्या दोन गोष्टी घातल्या होत्या. एक म्हणजे, हे जिवाणू कंपनीच्याच खाद्यावर वाढावेत अशी त्यांना खोड लावलेली होती. ते खाद्य संपलं की वाढ खुंटे. दुसरी म्हणजे, प्रत्येक पिशवीतल्या जिवाणूंच्या जनुकांत त्या पिशवीची खूण कोरलेली होती, आपण भांड्यावर नाव घालतो तशी. कोणी नक्कल करून विकायला लागला तर पकडता यावा हा हेतू. माणसं वाण्याकडून एकदा दही आणून मग जन्मभर घरीच विरजण लावतात, हे त्या कंपनीला कोणीतरी सांगितलेलं दिसतं.

पिशवीतला लगदा वायकोळ्यांनी स्टुलावर चढून छताला फासला. आठवडाभरात ऑस्ट्रेलिया आटला. मग खाद्य संपलं आणि कडेचा एक तुकडा, साधारण न्यूझीलंड म्हणावा असा, शिल्लक राहिला.

नवीन खाद्य मागवण्याआधी त्यांनी पिशवीवरचा बारीक मजकूर वाचला आणि चष्मा काढून हसले. लॅक्टेट म्हणजे दुधाच्या आंबटातलं मीठ. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय तपासलं होतं? ताकात चमचाभर चुन्याची निवळी घातली की झालं. त्यांनी फ्रिजमधलं ताक काढलं, निवळी घातली, उरलेल्या लगद्यात कालवलं आणि पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं. दोन दिवसांत लगदा फुगून पातेल्याच्या काठाला आला.

“ताक कोणासाठी ठेवलंय ते आधी मला विचारत जा,” त्यांची बायको शरयूबाई म्हणाल्या.

“भिंतीसाठी,” वायकोळे म्हणाले.

“भिंतीला नुसतं ताक कशाला, भाकरीही द्या सोबत.”

पण न्यूझीलंड गेला. छत असं गुळगुळीत झालं की शरयूबाईंनी एका रविवारी नणंदेला व्हिडिओ कॉल करून मुद्दाम ओट्याजवळ उभं राहून बोलणं केलं.

यानंतर जे झालं ते फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. दुसऱ्या मजल्यावरच्या नारखेडेबाई विरजणाला थोडं दही मागायला आल्या होत्या, त्यांनी छत पाहिलं आणि दही विसरल्या. दुसऱ्या दिवशी त्या वाटी घेऊन आल्या. वायकोळ्यांनी चार चमचे लगदा दिला आणि ताक कसं घालायचं, पातेलं उन्हात ठेवायचं नाही, स्टीलचंच घ्यायचं, हे सगळं एखाद्या लेकीला सासरी जाताना सांगावं तसं सांगितलं. नारखेडेबाईंच्या मोरीचा तडा बुजला. मग वाटीमागून वाटी आली. काही लोकांना नीट लागेना. ते वाटी ओट्यावर ठेवून जात आणि म्हणत, तुमचं तयार झालं की हाक मारा, तुमच्या हातचं चांगलं लागतं. प्रत्येक वाटीवर नाव कोरलेलं. कोणाला मामाकडून, कोणाला वास्तुशांतीनिमित्त. वाट्या अर्थातच रिकाम्या येत नसत. कोणी शेवभाजी आणून देई, कोणी कैरीचं लोणचं. जिन्याखालच्या ओलीसाठी सेक्रेटरी फिरकेसुद्धा आले. त्यांनी प्रथम सांगितलं की हे बेकायदेशीर आहे, आणि मग खिशातून डबी काढली.

छताला हात लावायची परवानगी कोणीच मागितली नाही. मागितली असती तर मिळाली नसती, आणि मिळाली नसती तर शेजारधर्म राहिला नसता.

वायकोळ्यांना वाटे, दूध संघाने आपल्याला चाळीस वर्षं ज्यासाठी पगार दिला ते काम आता कुठे सुरू झालं. ते आठ-दहा पातेल्यांत विरजण लावत. जे पातेलं सगळ्यांत जोमाने फुगे त्यातलंच पुढच्या खेपेसाठी राखत, बाकीचं वाटून टाकत. उत्तम लागलेलं राखायचं, मंद लागलेलं टाकायचं. आईने त्यांना हेच शिकवलं होतं आणि प्रयोगशाळेनेही. शेतकरी बियाणं निवडतो तेही याहून निराळं नसतं. फक्त इथे निवड कशाची होत होती ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. कंपनीने लावलेली खोड ज्या जिवाणूंत टिकली होती ते ताकावर मंद वाढत. ज्यांच्यात ती योगायोगाने मोडली होती, ज्यांना कुठे थांबायचं हे भान उरलं नव्हतं, तेच जोमाने फुगत. दर खेपेला वायकोळे स्वतःच्या हाताने थांबणारे फेकून देत होते आणि न थांबणारे शेजाऱ्यांना वाटत होते.

हे सगळं चालू असताना मंदाताईंनी फटीचा विषय काढला.

मंदाताई म्हणजे बेंडाळ्यांच्या पत्नी. त्या फटीतून पाली येतात असं त्यांचं म्हणणं होतं. फटीवरची पत्र्याची पट्टी कधीच गंजून गेली होती, आत वर्षानुवर्षांची धूळ, कबुतरांची पिसं आणि बांधकामाचा राडारोडा साचला होता. एका संध्याकाळी दोघे मित्र आपापल्या गॅलरीत उभे राहून तिच्यात डोकावले.

“पण ही ठेवलीये कशाला?” वायकोळ्यांनी विचारलं.

बेंडाळ्यांनी गणिताच्या मास्तराला शोभेल असा विचार केला. “बिल्डरचं मोजमाप चुकलं असणार,” ते म्हणाले. “दोन्ही इमारती मुळात एकच असणार नकाशात.”

यावर दोघे पुष्कळ हसले. मंदाताईंनी आपली लग्नातली वाटी गॅलरीतून पुढे केली. तिच्यावर ‘चि. मंदाकिनी हिस आत्याकडून’ असं बारीक अक्षरात होतं, आणि भोवती वेल. वायकोळ्यांनी त्या खेपेचं सगळ्यांत जोमाचं विरजण तीत काठोकाठ भरलं. मित्राच्या घरी मंद लागलेलं कसं द्यायचं. दुसऱ्या दिवशी बेंडाळ्यांनी जुन्या लाटण्याने ते आपल्या बाजूने फटीत दाबून भरलं. पाली बंद झाल्या. वाटी परत आली ती ज्वारीच्या बिबड्यांनी भरून, आणि पुढच्या खेपेच्या विरजणासाठी वायकोळ्यांच्याच ओट्यावर राहिली.

फट कशाला असते हे सांगायला वेळ लागत नाही. उन्हाने काँक्रीट फुगतं. हिवाळ्यातल्या सकाळपेक्षा मे महिन्यातल्या दुपारी लांबलचक इमारत करंगळीच्या जाडीएवढी लांबीने वाढते आणि रात्री परत आखडते. दोन इमारतींना एकमेकींना धक्का न देता हे करता यावं म्हणून मधे मोकळी जागा ठेवतात. ती जागा हीच तिथली वस्तू असते. जिवाणूला मात्र तडा आणि फट यांतला फरक कळत नाही. पावसाचं पाणी फटीतून खाली झिरपत गेलं, त्याबरोबर तेही गेले, आणि वाटेतली धूळ, वाळू, राडारोडा सगळं चुनखडीने सांधत गेले. दोन पावसाळ्यांत तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत फटीचा दगड झाला.

त्या दोन वर्षांत सौहार्द सोसायटी सुखी होती. वार्षिक सभेत गळतीवर भांडण झालं नाही, त्यामुळे सभा इतकी लवकर संपली की वडे तळून व्हायचे होते.

मग तो मे महिना आला. एकोणपन्नास अंश ही आता बातमी राहिली नव्हती. दुपारी रस्त्यावर यायला जिल्ह्यात बंदी असे. गॅलरी हा रस्ता धरायचा की घर, यावर सोसायटीत दोन मतं होती. मंदाताईंचं मत असं की बिबडे वाळवायला याहून चांगलं ऊन मिळायचं नाही. त्या गॅलरीत पाटावर बसून बिबडे उलटत होत्या. वायकोळे पडदा ओढायला अलीकडच्या गॅलरीत आले.

“भाऊ, शरयूला म्हणावं डबा धुऊन ठेव,” मंदाताई म्हणाल्या. “या खेपेला तीळ जास्त घातलेत.”

बरं म्हणून वायकोळे वळले. मागून नारळ फोडल्यासारखा एक आवाज झाला. ते परत फिरले तेव्हा त्यांची गॅलरी जागच्या जागी होती. पलीकडे मंदाताईंच्या गॅलरीच्या जागी आभाळ होतं.

मंदाताईंच्या दिवसांना अख्खी सोसायटी आली. तेराव्याच्या आधीच तडवी मॅडमही आल्या.

रेहाना तडवी या दायित्व निर्धारण अधिकारी होत्या. शहरोशहरी जुन्या इमारतींत लोकांनी मनाला येईल ते बदल केले होते, भिंती पाडल्या, गिलावे लावले, टाक्या चढवल्या, आणि काही पडलं की कोणाचं काय ते कळत नसे. म्हणून कायदा आला होता. विनापरवाना सुधारणेमुळे नुकसान झालं तर ती सुधारणा जिने आणली त्या व्यक्तीवर सगळं दायित्व. मात्र ती दुसऱ्यांनीही वापरली असं सिद्ध झालं तर ज्याच्या त्याच्या वाट्याला ज्याचं त्याचं. तडवी मॅडमकडे सुईएवढं बारीक भोक पाडणारं यंत्र होतं आणि जनुकं वाचणारी एक डबी होती, जिचं काम चहा उकळेपर्यंत होई. त्यांनी जिन्याखाली, नारखेड्यांच्या मोरीत, पाण्याच्या टाकीला, सभागृहाच्या भिंतीत आणि फटीत भोकं पाडली. सगळीकडे एकच खूण निघाली.

मग त्या वायकोळ्यांकडे येऊन ओट्याजवळ बसल्या.

“काका, तुमची पिशवी हाताच्या पंजाएवढी होती,” त्या म्हणाल्या. “एवढी इमारत तुम्ही एकट्याने सारवलीत?”

वायकोळे चहाचं आधण ठेवायला उठले.

“कोणाकोणाला दिलंत ते सुनावणीत सांगा. ज्यांनी लावलं त्यांच्यात वाटलं जाईल. नाहीतर तुमचं घर जाईल. हे मी तुम्हाला सांगायला नको, पण सांगते.”

त्या बोलत होत्या तेव्हा ओट्यावर वाट्या मांडलेल्याच होत्या. भरायला म्हणून आलेल्या, तळाशी पांढरा थर धरलेल्या, प्रत्येकीवर नाव. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं की नाही कोण जाणे. पण त्या गेल्या आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या प्रत्येक घराला एकाएकी वाटीची गरज पडली. नारखेडेबाई म्हणाल्या, पाहुणे यायचेत, वाट्या कमी पडताहेत. दुसऱ्या एकांना सूनबाईने भांडी मोजायला घेतली म्हणून आठवण झाली होती. फिरके म्हणाले, “काका, ती डबी आईची आहे हो,” आणि खाली बघत उभे राहिले. त्यांची आई त्यांच्यामागे जिन्यात उभी होती आणि तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

प्रत्येकाला वायकोळ्यांनी वाटी दिली. रिकामी द्यायची नाही म्हणून साखर घालून दिली. शरयूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

“तुम्हाला समजतंय ना, ते काय घेऊन चाललेत?” त्यांनी विचारलं.

“त्यांच्या वाट्या आहेत,” वायकोळे म्हणाले. “नाही कशी म्हणणार?”

शेवटी आत्याकडून आलेली, वेलाची वाटी तेवढी उरली. तिच्या तळाशीही पांढरं होतं. बेंडाळे आले नाहीत. ते घराबाहेरच पडत नव्हते. दोघांची भेट गॅलरीत होत असे आणि बेंडाळ्यांना आता गॅलरी नव्हती. दुसऱ्या दिवशी वायकोळे स्वतः अ इमारतीचा जिना उतरले आणि ब चा चढले. इतक्या वर्षांत मित्राच्या दाराची बेल त्यांनी कधी वाजवली नव्हती. ती कुठे आहे ते त्यांना शोधावं लागलं. बेंडाळ्यांनी वाटी घेतली, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि साखर सांडू नये अशा बेताने दार लावून घेतलं.

सुनावणी सोसायटीच्याच सभागृहात झाली. फिरक्यांनी आदल्या आठवड्यात विशेष सभा घेऊन ठराव केला होता की कोणाही सभासदाने असले कोणतेही द्रव्य कधीही घेतलेले अथवा लावलेले नाही. सौहार्द सोसायटीच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा पहिला ठराव. तो वाचून दाखवताना फिरके ज्या भिंतीला टेकले होते ती वायकोळ्यांच्या ताकावर उभी होती.

तडवी मॅडमनी ठराव बाजूला ठेवला. फटीतल्या दगडाला झाडासारखे थर असतात, त्या म्हणाल्या; वाढ कुठून सुरू झाली ते थरांवरून दिसतं. ही वाढ ब इमारतीकडून, तिसऱ्या मजल्यावरून सुरू झाली आहे.

“वायकोळे, एवढंच विचारते. तिकडून फटीत कोणी भरलं?”

बेंडाळे पहिल्या रांगेत बसले होते. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं एक सोडून एक लावलेली. ते कोणी भरलं हे त्यांना माहीत होतं. बायको गेल्यापासून दुसरं काही माहीतच नव्हतं. वायकोळ्यांच्या समोर दोन वाक्यं होती. एकात घराचा अर्धा भाग वाचत होता, आणि सभागृहातल्या सगळ्यांदेखत, सरकारी शिक्क्यानिशी, हेमचंद्राने आपल्या हाताने मंदाला मारलं असं होत होतं.

“मीच,” वायकोळे म्हणाले. “माझ्या गॅलरीतून वाकून भरलं. हात पोचतो तिथवर.”

“तुमचा हात पोचतो?”

“तेव्हा पोचायचा.”

मॅडमनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग लिहून घेतलं. बेंडाळे जागचे उठले नाहीत. शरयूबाईंनी पर्स बंद केली आणि उठून गेल्या.

घरी त्या भांडी आवरत होत्या. आवरून झाल्यावर बोलल्या, आवाज अजिबात न चढवता.

“अर्धं घर माझं होतं. माझ्या शाळेतल्या नोकरीच्या फंडातून घेतलेलं. तुम्ही मला न विचारता देऊन टाकलंत. ताकासारखं.”

वायकोळ्यांना वाटलं होतं, मित्रासाठी आपण काहीतरी केलं. किती जणांच्या वतीने केलं हे मोजायचं राहून गेलं होतं. त्यानंतर शरयूबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं नाही. जेवायला वाढलंय, औषध घ्या, हे सगळं त्या सांगत. फक्त त्याआधी ‘अहो’ म्हणेनाशा झाल्या.

निकाल लागला, सगळं वायकोळ्यांच्या एकट्याच्या नावावर आलं. अपिलाची मुदत होती. शरयूबाईंच्या भावाने भुसावळहून फोन करकरून अपील करायला सांगितलं. अपिलात खरं सांगावं लागलं असतं. मुदत गेली. घर जप्त झालं, आणि भावाच्या मागच्या दोन खोल्यांत जायचं ठरलं.

टेम्पो यायचा होता त्या सकाळी घरात खोकी होती आणि भिंती. भिंती अप्रतिम होत्या. पूर्ण जळगावात इतकं बिनतड्याचं घर नसेल. वायकोळे शेवटचं म्हणून गॅलरीत गेले. जिथे फट होती तिथे आता पांढरी, हाताला गार लागणारी शिवण होती आणि तिच्यापुढे काही नव्हतं.

बेल वाजली. बेंडाळे होते. दोन जिन्यांनी त्यांना धाप लागली होती. त्यांच्या हातात आत्याकडून आलेली वाटी होती, चिंचेने घासून लख्ख केलेली. तळाशी पांढरं काही उरलं नव्हतं.

“मी तडवीबाईंकडे गेलो होतो,” बेंडाळे दारातच म्हणाले. “सांगितलं, मी भरलं. लाटण्याने. लाटणंही नेलं होतं.”

“कशाला गेलास?”

“त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, दुःखात माणसं असं बोलतात. मित्राचं घर वाचावं म्हणून बोलताय, म्हणाल्या. तुझा जबाब आहे, तुझ्या पिशवीची खूण आहे. वाटी दाखवली तर म्हणाल्या, स्वच्छ आहे.” ते वाटीकडे पाहत होते. “मीच घासली होती. तिच्या दिवसांत. काहीतरी करायला हवं म्हणून.”

वायकोळ्यांनी त्यांना आत यायला सांगितलं. ते आत आले नाहीत.

“खालून जातो तर लोक बाजूला होतात, प्रभाकर. बिचारे म्हणतात. फिरके माझं दळण आणून देतो. कोणी एक शब्द लावून बोलत नाही. मी कोणाला सांगायला गेलो की ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात.” बेंडाळ्यांचा आवाज मास्तराचाच होता, फळ्यावरचं गणित कुठे चुकलं ते समजावणारा. “ज्याने मारलं त्याला कोणीतरी मारलंस म्हणावं लागतं रे. तू तेवढंही माझ्यापाशी ठेवलं नाहीस. सगळं एकटा घेऊन चाललास.”

“मला वाटलं—”

“माहीत आहे तुला काय वाटलं.”

त्यांनी वाटी पुढे केली. नारखेडेबाईंनी केली होती तशी, मंदाताईंनी फटीवरून केली होती तशी.

“माझ्या वाट्याचं दे,” बेंडाळे म्हणाले. “थोडं दे. मी लावून घेईन.”

वायकोळ्यांनी वाटी धरली. सवयीने मागे वळून ओट्याकडे पाहिलं. ओटा पुसलेला होता. फ्रिज बंद करून त्याचं दार उघडं राहावं म्हणून मधे जुन्या पेपरची घडी घातली होती. ताक नव्हतं, साखरेचा डबा कोणत्या खोक्यात गेला ते शरयूबाईंना माहीत होतं आणि शरयूबाई खिडकीशी पाठ करून उभ्या होत्या.

बेंडाळ्यांनी त्यांच्या बाजूने वाटी सोडली नव्हती. ती तशी रिकामी परत कशी द्यायची ते वायकोळ्यांना कळेना, आणि घेतल्याशिवाय बेंडाळे जाईनात. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, मग थोडं थांबून पुन्हा वाजवला.